पालेभाजी, पाणी आणि पोट: गोव्यातल्या स्वयंपाकघरांतून आलेले प्रश्न

फोंड्याच्या एका महिला मंडळात अन्नातून होणाऱ्या आजारांवर बोलायला गेले होते. तयारी दूध, मासळी आणि अंड्यांची केली होती. प्रश्न मात्र निम्म्याहून जास्त पालेभाजीचे निघाले. पुढे डिचोली, वाळपई, पेडणे इथेही तेच. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि घरी रोज चुलीपाशीही असते, त्यामुळे उत्तरांत दोन्हीकडचे आले आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

मासळीने, चिकनने पोट बिघडते हे कळते. पाल्याने साथ येते ही काय भानगड?

नुस्ते (मासळी) घेताना आपण कल्ले उघडून पाहतो, बोटाने दाबतो, वास घेतो. खराब असले तर ते सांगते. पाला काही सांगत नाही. जंतू लागलेली पालकाची जुडी आणि न लागलेली जुडी शेजारी ठेवली तर डोळ्यांना, नाकाला, जिभेला कसलाही फरक कळत नाही. शिवाय मासळी कच्ची कोणी खात नाही, पाला खातात. साथीच्या मागे मुख्यतः या दोन गोष्टी असतात.

पाल्याची आणखी एक अडचण म्हणजे त्याचा आकार. भोपळ्याला साल असते, ती काढून टाकली की आतला गर स्वच्छ. कोथिंबीर म्हणजे सगळी सालच. घड्या, सुरकुत्या, लव, देठाच्या बेचक्या. पाणी अडकायला आणि पाण्यातले जंतू चिकटायला जागाच जागा. पाने जमिनीलगत वाढतात, पावसाचा थेंब मातीवर आपटला की उडालेला चिखल थेट पानामागे बसतो.

पण भाजीवर हगवणीचे जंतू येतात कुठून? शेतात तर कोणी आजारी नसते.

साधारणपणे चार वाटांनी: पाणी, शेण, जनावरे आणि हात. त्यातली पाण्याची वाट सगळ्यांत रुंद.

गोव्यात पावसाळी भात कापले की वायंगणाच्या (हिवाळी पिकाच्या) दिवसांत त्याच जमिनीत मुळा, तांबडी भाजी, पालक, कोथिंबीर लागते. पाणी विहिरीचे, व्हाळाचे (ओढ्याचे) नाहीतर तळीचे. झारीने किंवा पाइपने वरून पाणी घालायची आपली रीत, म्हणजे पाण्यात जे असेल ते पानावरच पडते. मुळाशी घातलेले पाणी आणि डोक्यावरून ओतलेले पाणी यांत या बाबतीत फार मोठा फरक आहे. ठिबक असेल तर धोका बराच खाली येतो.

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. जांभा सच्छिद्र असतो. वरच्या अंगाला कोणाची तरी सेप्टिक टाकी किंवा शोषखड्डा आणि खालच्या अंगाला विहीर असेल, तर पाण्याला पायवाट लागते, दगड ती अडवत नाही. पहिल्या पावसानंतर विहिरीचे पाणी गढूळ झालेले दिसते ते मातीचे; त्याच पाण्याबरोबर आलेले इतर काही दिसत नाही. म्हणून मी भाजीवाल्यांना कीड कोणती पडली याआधी विहीर कुठे आहे ते विचारते. लोकांना ते विचित्र वाटते.

अमेरिकेत पालकामुळे माणसे मेली म्हणतात. खरे आहे का?

खरे आहे. 2006 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिशवीबंद कोवळ्या पालकातून ई. कोलाय ओ157:एच7 हा जंतू पसरला. 26 राज्यांत सुमारे 200 जण आजारी पडले, 31 जणांची मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत गेली, 3 मृत्यू झाले. माग कॅलिफोर्नियातल्या एका शेतापर्यंत लागला. तोच जंतू जवळच्या गुरांच्या शेणात, नदीच्या पाण्यात आणि रानडुकरांच्या विष्ठेतही सापडला. रानडुकरे आणि गवे शेतात शिरतात ही सत्तरी, सांग्याकडच्या शेतकऱ्यांना नवी गोष्ट नाही. आपण फक्त नुकसान मोजतो, विष्ठा मोजत नाही.

2018 च्या वसंतात रोमेन लेट्यूसची साथ त्याहून मोठी झाली. 36 राज्यांत 210 रुग्ण, 5 मृत्यू. लेट्यूस ॲरिझोनातल्या युमा भागातले होते. तपासात तोच जंतू पाटाच्या पाण्यात सापडला, आणि त्या पाटाला लागून लाखाहून जास्त गुरे मावतील असा गोठ्यांचा प्रचंड तळ होता. पुढच्याच वर्षी, 2019 च्या शेवटी, कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातल्या रोमेनने 167 जणांना गाठले. तिथे पैसा आहे, यंत्रे आहेत, पॅकिंगआधी क्लोरीनच्या पाण्यात भाजी धुतात. तरीही झाले. किंबहुना यंत्राने धुण्याचा उलटा परिणामही होतो: शंभर शेतांचा पाला एकाच हौदात गेला आणि पाण्यातले क्लोरीन कमी पडले, तर एका वाफ्याचा जंतू हजार पिशव्यांत जातो.

आणि जर्मनीची ती मेथीची गोष्ट?

ही गोष्ट मला प्रत्येक ठिकाणी पुन्हा सांगावी लागते, कारण मेथी आपली.

2011 च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्ताचे जुलाब होऊन माणसे दवाखान्यांत भरती होऊ लागली. एकट्या जर्मनीत 3,800 हून अधिक रुग्ण, 850 हून जास्त जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम, 53 मृत्यू. एरवी हा आजार लहान मुलांना जास्त गाठतो. इथे धडधाकट मोठी माणसे, त्यातही बायका जास्त होत्या. जंतू ई. कोलाय ओ104:एच4. सुरुवातीला हॅम्बुर्गमधून बोट दाखवले गेले स्पेनच्या काकड्यांकडे. स्पेनच्या शेतकऱ्यांचे कोट्यवधींचे नुकसान झाले, भाजी फेकून द्यावी लागली, आणि काकडी निर्दोष निघाली.

खरा धागा सापडायला आठवडे गेले. आजारी माणसांना "काय खाल्ले" विचारले की टोमॅटो, काकडी, लेट्यूस आठवायचे. प्लेटवर वरून भुरभुरलेले चिमूटभर मोड कोणाच्या लक्षात नव्हते. शेवटी एका उपाहारगृहाच्या पावत्या आणि तिथल्या ताटांचे फोटो पाहून मोड आलेल्या धान्यावर संशय गेला. मोड लोअर सॅक्सनीतल्या एका शेतावर तयार झाले होते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ काही जण त्याच जंतूने आजारी पडले, त्यांनीही मोडच खाल्ले होते. दोन्हीकडचा समान दुवा निघाला इजिप्तहून आलेले मेथीचे दाणे.

मोड आणताना आपण दाणे भिजवतो, ओल्या फडक्यात बांधतो, उबेला ठेवतो. जंतू वाढवायचे असतील तर प्रयोगशाळेत मी नेमके हेच करते. दाण्याच्या फटीत चार जंतू असले तर दोन दिवसांत त्यांचे कोट्यवधी होतात. म्हणून मूगगाठी (मोड आलेल्या मुगांचे कालवण) खा, खुशाल खा, त्या शिजतात. कच्चे मोड वाटीत घेऊन लिंबू पिळून खाण्याची नवी "हेल्दी" सवय मात्र माझ्या घरात मी येऊ दिलेली नाही.

मग आपल्याकडे अशा साथी का ऐकू येत नाहीत? आपली प्रतिकारशक्ती जास्त असते ना?

प्रतिकारशक्तीचा मुद्दा लोकांना फार आवडतो. लहानपणापासून काही जंतूंशी गाठ पडल्याने थोडे संरक्षण मिळते हे खरे, पण टायफॉइड, कावीळ आणि अतिसाराने आपल्याकडे किती माणसे आजारी पडतात ते पाहिले की त्या अभिमानाला फारसा आधार उरत नाही.

माझ्या मते खरी कारणे दोन. एक, आपण पाला शिजवतो. तांबडी भाजी, मुळ्याची भाजी, वालीची (मयाळूची) भाजी, मशिंगाचा (शेवग्याचा) पाला, तायकिळा फणसाच्या बिया घालून. सगळे कढईत जाते. सगळीकडे 70 अंश सेल्सिअसची उष्णता दोन मिनिटे मिळाली की ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जीवाणू मरतात, आणि वाफ धरलेल्या कढईत ते सहज होते. तेऱ्याचे, अळूचे तर विचारूच नका. घशाला खाज येऊ नये म्हणून आजीने ते आंबट घालून रटरटा शिजवायला लावले. कारण कॅल्शियम ऑक्झलेटचे होते, जंतूंचे काम आपसूक झाले.

दुसरे कारण कमी आनंदाचे आहे. आपल्याला साथ दिसतच नाही. अमेरिकेत 1996 पासून पल्सनेट नावाची प्रयोगशाळांची साखळी आहे. रुग्णाच्या शौचातून मिळालेल्या जंतूची जनुकीय ओळख पटवतात आणि सगळीकडच्या नोंदी ताडून पाहतात. म्हणून दोन हजार किलोमीटर अंतरावरचे दोन रुग्ण एकाच वाफ्यातल्या पाल्याने आजारी पडले हे कळते. आपण जुलाब झाले की म्हणतो "काहीतरी बाधले". फार्मसीतून गोळी आणतो, दोन दिवस पेज पितो, बरे होतो. शौचाची तपासणी होत नाही, जंतू सापडत नाही. साथ आली तरी ती शंभर घरांत सुटी सुटी होऊन जाते.

आम्ही भाजी शिजवूनच खातो, म्हणजे आम्हाला धोका नाही.

कढईतल्या भाजीपासून जवळजवळ नाही. पण घरात पाला फक्त कढईतच जातो का? नीट आठवा.

आमटी उतरवल्यावर वरून घातलेली कोथिंबीर. कोशिंबिरीतली कोथिंबीर. पुदिन्याची चटणी. पोह्यांवरची, मिसळीवरची कांद्याची पात. 2003 मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात एका उपाहारगृहातून 500 हून अधिक लोकांना हेपॅटायटिस ए (विषाणूने होणारी कावीळ) झाला, 3 जण दगावले, आणि कारण होते मेक्सिकोहून आलेली कच्ची कांद्याची पात. कोथिंबिरीचे प्रकरण तर वेगळेच. मेक्सिकोतल्या पुएब्ला भागातल्या कोथिंबिरीतून सायक्लोस्पोरा नावाचा परजीवी वर्षामागून वर्षे अमेरिकेत जात होता. तपासायला गेलेल्यांना काही मळ्यांत माणसांची विष्ठा आणि टॉयलेट पेपर आढळले. 2015 मध्ये अमेरिकेने त्या भागातली कोथिंबीर उन्हाळ्याच्या महिन्यांत थांबवली. मळ्यात काम करणाऱ्यांना संडास नसेल तर ते कुठे जाणार, हा प्रश्न मेक्सिकोपुरता नाही.

दुसरी चोरवाट आदोळी, म्हणजे आपली विळी. सकाळी तिच्यावर बांगडे कापले, वरवर धुतली, मग नारळ खवला, मग कोथिंबीर चिरली. नुस्ते कढीत उकळले. कोथिंबीर आणि चून (खवलेला नारळ) कच्चेच राहिले. मासळीचे जंतू आता कोशिंबिरीत आहेत आणि नाव येते भाजीचे. जमत असेल तर पाल्यासाठी सुरी-पाट वेगळे ठेवा. नसेल जमत तर क्रम बदला: आधी कच्चे खायचे ते, शेवटी नुस्ते. खर्च शून्य.

मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवले की जंतू मरतात ना? हळद घातली तर?

मिठाच्या पाण्यात अळ्या, किडे, गोगलगायीची पिल्ले सुटून वर येतात. तेवढ्यासाठी ती पद्धत चांगली, विशेषतः फ्लॉवरला. जंतू मात्र त्या पाण्यात मरत नाहीत. हळदीच्या पाण्याचेही तेच. पोटॅशियम परमँगनेटचे गुलाबी पाणी जुन्या लोकांना आठवते; किती घालायचे याचा घरी ताळमेळ राहत नाही, मी त्यावर भरवसा ठेवत नाही. माडाच्या विनेगरने थोडा फरक पडतो, पण मग कोथिंबीर सोरपोतेलात (विनेगर घातलेल्या डुकराच्या कालवणात) जायच्याच लायकीची उरते.

धुण्याबद्दल एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. उत्तम धुतले तरी पानावरचे जंतू साधारण दहापट ते शंभरपट कमी होतात, पूर्ण जात नाहीत. काही जंतू पानाच्या श्वासरंध्रांत शिरून बसतात, काही कापलेल्या कडेवर, काही स्वतःभोवती चिकट थर करतात. ओ157 ला आजार करायला शंभराहून कमी जंतूही पुरतात. म्हणून धुणे म्हणजे धोका कमी करणे, संपवणे नव्हे. संपवायचे काम विस्तवाचे.

तरी कसे धुवायचे? जुडी सोडा. दोरा किंवा रबर काढल्याशिवाय धुतलेली जुडी धुतलीच नाही असे समजा. सडकी, पिवळी पाने आणि मुळे काढून टाका. मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घेऊन पाने बुडवा, हलवा, आणि पाने वर उचलून घ्या. भांडे चाळणीत ओतू नका, नाहीतर तळाशी बसलेली माती पुन्हा पाल्यावर. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदला, शेवटी वाहत्या नळाखाली धरा. कच्चे खायचे असेल तर शेवटचे पाणी पिण्याचेच हवे. चिरण्याआधी धुवा, चिरून नाही. साबण, भांड्यांचे द्रव, फरशीचे जंतुनाशक कधीही नको. पाने ते शोषून घेतात. भाज्यांसाठीच म्हणून मिळणारे क्लोरीनचे द्रावण वापरायचे असेल तर बाटलीवरचे प्रमाण आणि वेळ पाळा आणि नंतर खळखळून धुवा.

भाजी ताजी दिसावी म्हणून बाजारात सारखे पाणी मारतात. ते चालते का?

माझ्या मते गोव्यातला हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा आहे. शेतातून स्वच्छ निघालेली भाजी बाजारातल्या बादलीत घाण होते. सकाळपासून एकच बादली, त्यात हात, त्यात जुड्या, त्यातच कधी सुरी धुतलेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी उभी राहून पाहते. काही बायका नळाचे पाणी वेगळ्या डब्यात आणतात आणि फडके ओले करून वर घालतात, काहींच्या बादलीकडे बघवत नाही. विचारले तर रागावतात असा अनुभव नाही. "बाय, पाणी कुठले?" एवढेच विचारायचे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याला उत्तर आपोआप मिळते.

गावठी भाजी चांगली की बेळगावची?

चवीला गावठी, यात वाद नाही. ताळगावची, सांताक्रूझची सकाळी उपटलेली तांबडी भाजी आणि चोर्ल्याचा घाट उतरून ट्रकमधून आलेली जुडी यांची तुलना करू नये. पण जंतूंच्या बाबतीत "आपली" आणि "घाटावरची" असा भेद मी मानत नाही. दूरच्या भाजीचे हात जास्त बदलतात आणि वेळ जास्त जातो. जवळच्या भाजीचा फायदा एवढाच की मळा जाऊन पाहता येतो. पाहिला का कधी?

आम्ही सेंद्रिय भाजी लावतो, जीवामृत मारतो. ती तर शुद्धच असणार?

रासायनिक कीटकनाशक नाही एवढे खरे. शेणाचे शुद्धत्व देवघरात. पोटात गेल्यावर ते ई. कोलायचे घर असते. गाईगुरे ओ157 पोटात बाळगतात आणि स्वतः आजारी पडत नाहीत.

शेणखत वापरूच नये असे मुळीच म्हणत नाही. नीट कुजवा. ढीग आतून 55 अंशांच्या वर तापला पाहिजे आणि वरखाली करताना तो ताप पंधरा दिवस टिकला पाहिजे. कोपऱ्यात टाकून ठेवलेले वाळके शेण म्हणजे कुजलेले खत नव्हे. ताजे शेण घातले तर जमिनीला टेकून वाढणारा पाला 120 दिवस काढू नये असा अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीचा नियम आहे. तांबडी भाजी महिन्याभरात काढणीला येते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. जीवामृतातही शेण-गोमूत्रच असते, तेव्हा ते मुळाशी घाला, पानांवर फवारू नका. निदान कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस यांवर तर नकोच.

मातीशिवाय, बंद शेडमध्ये वाढवलेले लेट्यूस मिळते. ते सुरक्षित ना?

जास्त सुरक्षित असू शकते, आपोआप नाही. 2021 मध्ये अमेरिकेत बंदिस्त हरितगृहातल्या पाल्यातूनही साल्मोनेलाची साथ आली. माती गेली, गुरे गेली, पण पाणी राहिले, आणि हायड्रोपोनिकमध्ये तेच पाणी सगळ्या रोपांतून फिरते.

शॅकमधले (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलातले) सॅलड खावे का? पाहुणे आले की तिथेच जातात.

गोव्याची बदनामी होईल म्हणून लोक यावर मोकळेपणी बोलत नाहीत. मी जागा पाहून ठरवते. आत स्वयंपाक्याला हात धुवायला साबण आणि वाहता नळ आहे का, चिरलेला पाला फ्रीजमध्ये आहे की काउंटरवर ताटात, बर्फावर मासळी आणि सॅलड शेजारी शेजारी नाही ना. चिरलेल्या पानातून रस सुटतो, तो जंतूंचे खाद्य. आपल्या उन्हात काही तासांत त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. चिरलेला पाला 5 अंशांच्या खाली ठेवावा लागतो. उघड्यावर दुपारभर राहिलेले सॅलड मी खात नाही, मग जागा कितीही महागडी असो. पाहुण्यांना गरम गरम रवा लावलेले नुस्ते द्या. तेही खूश होतील.

पाणीपुरीच्या हिरव्या पाण्याबद्दलही तेच: कच्चा पुदिना, कच्ची कोथिंबीर, बाहेरचे पाणी, वरून बर्फ, आणि हात कोपरापर्यंत. चिंचेचा आंबटपणा थोडी मदत करतो, सगळी नाही. सकाळी रिकाम्या पोटी प्यायच्या पालकाच्या हिरव्या रसाने मला सध्या जास्त धास्ती वाटते, कारण तो "औषध" म्हणून आजारी माणसाला देतात. पालक दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढा, मग वाटा.

शाकाहारी माणसाच्या डोक्यात टेपवर्म सापडला असे ऐकले. तो डुकराच्या मांसातून येतो ना?

हा गैरसमज इतका घट्ट आहे की डुक्कर न खाणारे निर्धास्त असतात. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून येतो तो आतड्यातला लांब किडा. ज्याच्या आतड्यात तो असतो त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती पाण्यातून किंवा मातीतून पाल्यावर आली आणि कच्ची पोटात गेली, की त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन गाठी करतात. न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणतात ते हेच. भारतात अचानक फिट येण्याच्या प्रमुख कारणांत ते मोडते. म्हणजे दोष डुकराच्या मांसाचा कमी, माणसाच्या उघड्या विष्ठेचा जास्त. गोव्यात डुकरांचे संडास होते, विष्ठा खाली थेट डुकरे खात, तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

खाल्ल्यावर किती वेळाने त्रास होतो? काल रात्रीच्या जेवणानेच झाले असणार.

बहुतेक वेळा तो अंदाज चुकतो. नोरोव्हायरस 12 ते 48 तासांत, साल्मोनेला 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत, ई. कोलाय ओ157 साधारण तीन-चार दिवसांनी, सायक्लोस्पोरा आठवड्याने, टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी. हेपॅटायटिस ए ची कावीळ तर सरासरी 28 दिवसांनी. चवथीला खाल्लेल्या कोशिंबिरीची कावीळ दसऱ्याच्या आसपास उगवू शकते, आणि दोष जातो नवरात्रातल्या प्रसादाला. म्हणून डॉक्टरांना कालचे जेवण नाही, आठवड्याभराचे सांगा.

जुलाब सुरू झाले तर घरी काय करायचे? दवाखाना कधी?

पाणी आणि मीठ भरून काढणे हे खरे औषध. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ घातलेली पेज उत्तम. मुलांना झिंक डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चौदा दिवस द्यायचे असते, जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायचे नाही.

शौचात रक्त, न थांबणाऱ्या उलट्या, तीन दिवसांहून जास्त जुलाब, चढा ताप, लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे: यांतले एकही दिसले तर वाट पाहू नका. रक्त असेल तर जुलाब बंद करणारी गोळी घेऊ नका आणि उरलेले अँटिबायोटिकही मनाने घेऊ नका. ओ157 सारख्या जंतूत अँटिबायोटिकने विष जास्त सुटून मूत्रपिंडे बिघडण्याचा धोका वाढू शकतो. ही गुंतागुंत साधारण आठवड्याने येते, नेमकी जुलाब कमी होऊन घरच्यांना हायसे वाटते तेव्हा. मूल फिकट दिसू लागले, लघवी झाली नाही, अंगावर निळसर डाग दिसले, तर 108 बोलवा.

गरोदर बाईने पालेभाजी बंद करावी का?

अजिबात नाही, लोह आणि फोलेट हवेच. कच्चा पाला, कच्चे मोड आणि पिशवीतले तयार सॅलड तेवढे बंद. लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि पोटातल्या बाळाला इजा करतो. परसात मांजरे फिरत असतील तर टॉक्सोप्लाझ्माचाही (मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या परजीवीचाही) विचार हवा. मातीत हात घातल्यावर ते साबणाने धुवा.

लग्नात जेवून वीस-पंचवीस जण आजारी पडले तर सांगायचे कोणाला?

जवळच्या आरोग्य केंद्राला, लगेच. साथींवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा तिथूनच सुरू होते. जेवणाबद्दलची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. उरलेले अन्न फेकू नका, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. आणि कोणी काय खाल्ले, काय नाही, याची यादी त्याच दिवशी करा. न आजारी पडलेल्यांचीही. जर्मनीत उलगडा अशाच तुलनेतून झाला. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार विकत घेतलेले अन्न फी भरून तपासून घ्यायचा हक्क गिऱ्हाइकालाही आहे. वापरणारे फार थोडे.

2024 च्या पावसाळ्यात दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या जेटीवर मासेमारी कामगारांत कॉलरा पसरला तेव्हा मूळ होते स्वच्छ पाणी आणि संडास नसण्यात. भाजीच्या मळ्यात राबणाऱ्यांची स्थिती पुष्कळ ठिकाणी याहून वेगळी नाही.

कीटकनाशकाचे काय? तुम्ही फक्त जंतूंचेच बोलता.

तो वेगळा विषय आहे, महत्त्वाचा आहे. फरक एवढाच लक्षात ठेवा: शिजवल्याने जंतू मरतात, कीटकनाशक सगळे जात नाही; धुतल्याने दोन्ही थोडे थोडे कमी होतात.

आणि विड्याचे पान? ते तर पाचक.

तेही कच्चेच खातो आपण. साल्मोनेला वारंवार सापडल्यामुळे युरोपीय संघाने 2014 मध्ये बांगलादेशातून येणाऱ्या विड्याच्या पानांची आयात थांबवली होती आणि ती बरीच वर्षे बंद राहिली. घरी पान लावता तेव्हा दोन्ही बाजू नळाखाली चोळून धुवा, शेंडा आणि देठ खुडा. पानाच्या गाड्यावर पाने ज्या ओल्या तांबड्या फडक्याखाली झाकलेली असतात, ते फडके कुठल्या पाण्यात बुडवतात तेवढे एकदा थांबून पाहा.